ब्लॉक उचलण्याआधी मजकूर ओळख

वाचनालयाची वेबसाइट यापुढे तू सांभाळणार, हे कार्यकारिणीत ठरलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. कॉम्प्युटर तुला माझ्याहून चांगला येतो. त्यामुळे कोणतं बटण कुठे आहे ते सांगत बसत नाही. माझी उमेदीची वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी ही वेबसाइट पाहिली. या दोन्ही कामांतून हाती लागलेलं तेवढं तुझ्या कानावर घालते. काही गोष्टी फार बारीक वाटतील, पण वाचक नेहमी बारीक गोष्टींपाशीच अडतो, बाळा.

आपली वेबसाइट वर्डप्रेसवर आहे आणि लिहायला त्यातलाच ब्लॉक एडिटर आहे. ६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती आली आणि तेव्हापासून हाच तिथला नेहमीचा एडिटर झाला. त्याच्या प्रकल्पाला नाव दिलं गुटेनबर्ग, पंधराव्या शतकात युरोपात सुटे खिळे जुळवून छपाई करणाऱ्या योहान्नेस गुटेनबर्गवरून. छापखान्यातली असल्यामुळे मला ते नाव आवडलं, हे कबूल करते. आधी सगळा मजकूर एका मोठ्या चौकटीत लिहावा लागे. आता प्रत्येक परिच्छेद हा एक ब्लॉक, मथळा दुसरा ब्लॉक, फोटो तिसरा. प्रत्येक सुटा उचलता येतो, वरखाली सरकवता येतो, त्याची प्रत काढता येते. सोय मोठी आहे, आणि मोह तिच्यातच आहे. शंभर प्रकारचे ब्लॉक समोर दिसले की पान सजवावंसं वाटतं.

म्हणून सगळ्यांत आधी हे मनात ठेव: कोणता ब्लॉक छान दिसतो यावरून निवड करू नको. हातातला मजकूर काय आहे ते बघ. मथळा असेल तर हेडिंग, पायऱ्या किंवा नियम असतील तर लिस्ट, दुसऱ्याचे शब्द असतील तर कोट, फाइल द्यायची असेल तर फाइल. पडद्यावर हे सगळं नुसतं लहानमोठ्या अक्षरांचं दिसतं. पण आत साठवताना वर्डप्रेस प्रत्येक ब्लॉकच्या आधी आणि शेवटी त्याच्या प्रकाराची नोंद लिहून ठेवतं. त्या प्रकारानुसार पानाची जी रचना तयार होते ती गूगल वाचतं, अंध वाचकाचा स्क्रीन रीडरही तीच वाचतो. उद्या आपण थीम बदलली तर नवी थीमही त्या रचनेवरूनच ठरवते की मथळा कसा दाखवायचा. परिच्छेदातली अक्षरं ठळक करून, मोठी करून तू मथळ्याचा भास निर्माण केलास, तर डोळस माणसाला तो मथळा वाटेल. यंत्राच्या लेखी तो परिच्छेदच राहील. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मराठीही वाचून दाखवतो. तो वापरणारा माणूस एक कळ दाबत एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारत पान चाळतो. आपल्या पानावर खरे मथळेच नसतील तर त्याला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं ऐकत बसावं लागतं. वर्गणी किती आहे एवढंच त्याला बघायचं असतं!

मथळ्यांची पातळीही सांभाळ. पानाचं शीर्षक पहिल्या पातळीचं असतं, ते वर्डप्रेस आपोआप लावतं. मजकुरातला पहिला मथळा म्हणून दुसऱ्या पातळीचा घ्यायचा, त्याच्या पोटातला तिसऱ्या पातळीचा. अक्षर लहान हवं म्हणून दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर जाऊ नको. आकार वेगळा बदलता येतो. वरच्या पट्टीत डॉक्युमेंट ओव्हरव्ह्यू उघडलास की आउटलाइन दिसते आणि पातळी चुकली असेल तर तिथे तसं लिहून येतं. प्रकाशित करण्याआधी तिथे एकदा नजर टाकायची. छापायला सोडण्याआधी अनुक्रमणिका ताडून बघतात, तितकंच हे गरजेचं.

नियमांच्या यादीबद्दल एक खास गोष्ट. लिस्ट ब्लॉकमध्ये क्रमांकांचा पर्याय निवडला की आकडे इंग्रजी येतात. देवनागरी हवेत म्हणून कोणी हाताने १, २, ३ टाकून परिच्छेद करतं आणि मधला एक नियम वगळला की खालचे सगळे आकडे पुन्हा टाकावे लागतात. तसं करायची गरज नाही. थीमच्या जादा सीएसएसमध्ये एक ओळ घातली की त्या यादीचे आकडे देवनागरी होतात. आपल्याकडे ती घातलेली आहे. साफसफाई करताना ती काढून टाकू नको.

टायपिंगचं सांगायचं तर तू इन्स्क्रिप्ट शिकली आहेस, त्यामुळे एक अडचण तुला पहिल्याच दिवशी येईल. सगळीकडे असं सांगतात की रिकाम्या ओळीवर तिरकी रेघ टाकून ब्लॉकचं नाव लिहिलं की ब्लॉक येतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळेवर ‘य’ बसतो. दोन हॅश टाकून मथळा करायची युक्तीही तशीच फसते, कारण तिथे शिफ्टसह तीनची कळ रफाराचा भाऊ असलेला ‘्र’ देते. तेव्हा एक तर कीबोर्ड क्षणभर इंग्रजीवर ने, नाहीतर अधिकाच्या चिन्हावर क्लिक करून ब्लॉक घे. मी सगळा मजकूर आधी साध्या परिच्छेदांत लिहून काढते आणि मग एकेका परिच्छेदाचं रूपांतर मथळ्यात किंवा यादीत करते. लिहिताना लिहिण्याकडेच लक्ष राहतं. तुलाही तीच सवय लागावी असं मला वाटतं.

एंटर दाबला की नवा परिच्छेद, म्हणजे नवा ब्लॉक सुरू होतो. त्याच परिच्छेदात ओळ तोडायची असेल तर शिफ्टसह एंटर. पत्ता लिहिताना हे लागतं. कवितेसाठी मात्र व्हर्स नावाचा वेगळा ब्लॉक आहे. त्यात ओळी आणि ओळींच्या सुरुवातीला सोडलेली जागा जशीच्या तशी राहते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात आपले सभासद स्वतःच्या कविता वाचतात आणि त्या आपण वेबसाइटवर देतो. कवीने ओळ जिथे तोडली तिथेच ती तुटली पाहिजे. परिच्छेदाचा ब्लॉक वापरून अंदाजाने एंटर मारत बसू नको.

आता जे सांगते ते देवनागरीसाठी खास आहे, आणि एडिटरच्या कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शनात ते तुला सहसा सापडणार नाही. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ड्रॉप कॅप म्हणून एक सोय आहे, पहिलं अक्षर दोन-तीन ओळींइतकं मोठं करणारी. रोमन लिपीत ती शोभते. आपल्याकडे शब्दाला शिरोरेषा आहे. पहिलं अक्षर मोठं झालं की रेषा तुटते आणि शब्दाचे दोन तुकडे पडतात. त्यातून शब्द वेलांटीने किंवा जोडाक्षराने सुरू होत असेल तर विचारूच नको. ती सोय बंदच ठेव. अक्षरांमधलं अंतर वाढवायचीही एक पट्टी आहे. तिला हात लावू नको. अंतर वाढलं की शिरोरेषेत फटी पडतात आणि मजकूर वाळवी लागल्यासारखा दिसतो. तिरपी अक्षरंही टाळ. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत खरी तिरपी अक्षरं घडवलेलीच नसतात. ब्राउझर सरळ अक्षरं ओढून वाकडी करतो. पुस्तकाचं नाव वेगळं दाखवायचं असेल तर एकेरी अवतरण चिन्हं वापर, छापखान्यातही आम्ही तेच करायचो.

एक सेटिंग मात्र जरूर बदल: ओळींमधलं अंतर. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, रफार वर जातात आणि उकार खाली येतात. इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडतात. पण हे एकेका परिच्छेदाला करू नको, संपूर्ण साइटच्या स्टाइलमध्ये एकदाच कर. फॉन्टही तिथेच ठरवायचा. एप्रिल २०२४मध्ये आलेल्या ६.५ आवृत्तीपासून फॉन्ट लायब्ररीतून थेट फॉन्ट बसवता येतो. मुक्त, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे मोफत मिळणारे चांगले फॉन्ट आहेत. निवडताना ‘ल’ आणि ‘श’ बघ. मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ यांत फरक असतो, आणि म्हाताऱ्या वाचकांच्या डोळ्यांना तो खटकतो. काही फॉन्टांत अशी सोय असते की पानाची भाषा मराठी नोंदवलेली असली की मराठी वळणाची अक्षरं येतात. म्हणून साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी हीच राहू दे. स्क्रीन रीडरलाही त्यावरूनच कळतं की मराठी उच्चारात वाचायचं आहे. डॅशबोर्ड तुला इंग्रजीत हवा असेल तर तुझ्या प्रोफाइलमध्ये वेगळी भाषा निवडता येते. त्यासाठी साइटची भाषा बदलण्याचं कारण नाही.

जुना मजकूर आणताना जपून. वाचनालयाचे मागचे अहवाल, स्मरणिकेतले लेख श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले आहेत. ते कॉपी करून ब्लॉकमध्ये टाकलेस की विचित्र रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतील, कारण त्या फॉन्टांनी देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवले होते. युनिकोडमध्ये रूपांतर करणारे कन्व्हर्टर आहेत, ते वापर. पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नको. रूपांतरानंतर पहिली वेलांटी, रफार आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा ‘ऱ’ हे एकेक करून तपास. हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही प्रकार डोळ्यांना सारखेच दिसतात, ‘ॲ’चंही तसंच. पण एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर शोधात सापडेलच असं नाही. ‘ॲड.’ लावलेली दोन माजी अध्यक्षांची नावं आपल्या अहवालांत आहेत, तिथे लक्ष दे. शक्य असेल तेव्हा कन्व्हर्टरमधून निघालेला मजकूर छापील प्रतीशी ताडून वाच. दोघींनी मिळून वाचलं तर उत्तम: एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने पडद्यावर बोट ठेवायचं.

वर्डमधून युनिकोड मजकूर आणत असशील तर काम सोपं आहे. तिथे मथळे खरे मथळे म्हणून नेमलेले असतील तर एडिटर त्यांचे हेडिंग ब्लॉक करतो, याद्यांच्या याद्या करतो. फक्त मधल्या रिकाम्या ओळी काढून टाक.

पानाचा पत्ता हा पुढचा मुद्दा, आणि याकडे फार थोड्यांचं लक्ष असतं. शीर्षक मराठीत लिहून प्रकाशित केलंस की वर्डप्रेस त्याचाच पत्ता बनवतं. ब्राउझरमध्ये तो मराठीत दिसतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते. कारण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा पत्त्यात नऊ-नऊ चिन्हांनी लिहिली जाते. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या शीर्षकावरून बनणाऱ्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे. भागाकार केलास तर जेमतेम बावीस अक्षर-मात्रा बसतात. ‘ग्रंथालय सप्ताहानिमित्त व्याख्यानमाला’ एवढं शीर्षकसुद्धा मध्येच कापलं जातं. म्हणून प्रकाशित करण्याआधी उजव्या बाजूच्या पट्टीत पत्ता स्वतः लिही: रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत, मध्ये आडवी छोटी रेघ. आणि एकदा दिलेला पत्ता पुन्हा बदलू नको. कोणाच्या तरी फोनमध्ये, कुठल्या तरी ग्रुपमध्ये तो दुवा पडून असतो.

आता ज्याचा मी सगळ्यांत जास्त आग्रह धरते ते. कार्यक्रमाची माहिती नुसती पोस्टरच्या चित्रात देऊ नको. कार्यवाह तुला व्हॉट्सॲपवर रंगीत पोस्टर पाठवतील आणि म्हणतील, एवढं टाक. इमेज ब्लॉक घेतला, पोस्टर टाकलं, दोन मिनिटांत काम झालं, असं वाटेल. पण त्या चित्रातलं एकही अक्षर खात्रीने शोधात सापडत नाही. फोनवर ते इतकं लहान होतं की वेळ वाचायला चिमटीने मोठं करावं लागतं. अंध सभासदाला ते कळत नाही. यंदा कोणत्या वक्त्याला बोलावलं होतं हे पुढच्या वर्षी शोधताना आपल्यालाच ते मिळत नाही. पोस्टर खुशाल लाव, लोकांनी हौसेने केलेलं असतं. पण त्याच्याखाली साध्या परिच्छेदात वक्त्याचं नाव, विषय, तारीख, वार, वेळ, जागा सगळं टाइप कर. तारीख पूर्ण लिही, वर्षासह. ‘येत्या रविवारी’ हे शब्द आपल्या साइटवर दिसताच कामा नयेत. ते वाचणारा माणूस कोणत्या रविवारी वाचतोय हे आपल्याला माहीत नसतं. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि ते टाळायला मी कोणालाच कधी परवानगी दिली नाही. तूही देऊ नको, कार्यवाह रागावले तरी.

फोटोला ऑल्ट टेक्स्ट लिहायची जागा असते, ती रिकामी सोडू नको. ‘फोटो’ किंवा ‘कार्यक्रम’ असं लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच. ‘बालविभागात जमिनीवर बसून गोष्ट ऐकणारी मुलं’ असं लिही. फोटोखालची ओळ वेगळी: तिच्यात नावं आणि प्रसंग येतो. मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांना विचारायचं. नाव लिहायचं की नाही तेही विचारायचं. फोनमधला फोटो थेट चढवलास तर २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या चित्राची वर्डप्रेस स्वतःच लहान प्रत करून वापरतं, पण मूळ फोटोही सर्व्हरवर जागा अडवून बसतो. आपण थोडीच जागा विकत घेतलेली आहे. आधी लहान करून मग चढव.

कॉलम्स ब्लॉक दिसायला आकर्षक आहे. कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी तीन रकाने छान दिसतात. फोनवर ते एकाखाली एक येतात, डावीकडचा आधी, मग मधला, मग उजवा. म्हणून रकान्यांत मजकूर वाटताना असं वाच की सगळं एकाच ओळीत खाली उतरतंय. डाव्या रकान्यात तीन पुस्तकांची नावं आणि उजव्यात त्यांचे लेखक असं केलंस, तर फोनवर आधी सगळी नावं आणि मग सगळे लेखक येतील आणि कोणतं पुस्तक कोणाचं ते कळणार नाही. आपले बहुतेक वाचक फोनवरच बघतात. वरच्या पट्टीत मोबाइलचा देखावा दाखवणारी सोय आहे, ती बघच; पण शेवटी खऱ्या फोनवर, तोही जुन्या स्वस्त फोनवर, एकदा उघडून बघ.

टेबलचंही असंच. दिवाळी अंक योजनेची यादी करायची तर नाव, संपादक, किंमत, विषय, उपलब्धता असे पाच रकाने फोनवर मावत नाहीत. एकेक अंक लिस्टमध्ये घे, नाव ठळक, बाकी त्याच ओळीत. टेबल फक्त वेळापत्रकासाठी ठेव, दोन रकान्यांचं, आणि त्याला शीर्ष ओळ चालू कर.

वेळापत्रकावरून आठवलं. वाचनालयाची वेळ, फोन, वर्गणी आणि अनामत हे आपण कितीतरी पानांवर देतो. प्रत्येक पानावर ते वेगळं टाइप करू नको. एकदा लिहून ते सगळे ब्लॉक निवडायचे आणि त्यांचा सिंक्ड पॅटर्न करायचा. मग हव्या त्या पानावर तो पॅटर्न बसवायचा. वर्गणी वाढली की एका जागी बदल केलास की सगळीकडे बदल होतो. पूर्वी त्यांना रीयूजेबल ब्लॉक म्हणायचे. ऑगस्ट २०२३च्या ६.३ आवृत्तीपासून नाव बदललं. जुन्या व्हिडिओत वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नको. हे मात्र पक्कं लक्षात ठेव की अशा पॅटर्नमध्ये कुठल्याही पानावरून केलेला बदल सगळ्या पानांवर पोचतो. एकाच पानापुरता वेगळा मजकूर हवा असेल तर आधी त्याला डिटॅच कर, मग बदल. आपण ‘वेळ आणि वर्गणी’, ‘संपर्क’ आणि ‘सभासद अर्ज’ असे पॅटर्न करून ठेवले आहेत. नावं मराठीत दिली आहेत म्हणजे शोधायला सोपी. फोन नंबरला दुवा दिलेला आहे, बोट लावलं की फोन लागतो. मजकुरात अंक देवनागरी असले तरी चालतील. दुव्याच्या आतले अंक मात्र इंग्रजीच राहिले पाहिजेत, नाहीतर फोन लागत नाही.

दुव्याचे शब्द स्वतःच बोलले पाहिजेत. ‘येथे क्लिक करा’ लिहू नको, ‘सभासद अर्ज डाउनलोड करा’ असं लिही.

रंगांबद्दल फार सांगत नाही. साइटच्या स्टाइलमध्ये ठरवलेले रंग तेवढेच वापर. पिवळ्यावर पांढरं किंवा लालवर निळं टाकलंस तर एडिटरच इशारा देतो की हे वाचायला अवघड जाईल, तो मान. दोन परिच्छेदांत मोकळी जागा हवी म्हणून रिकामे परिच्छेद किंवा स्पेसर टाकत जाऊ नको. फोनवर त्या जागा विहिरीसारख्या वाटतात. सरकणारे फोटो, चमकणारी अक्षरं, मोजणीचे फिरणारे आकडे यांचा सोस नको. आपली माहिती थोडकी आहे. नाकापेक्षा मोती जड होतो.

बाहेरचे ब्लॉकचे प्लगिन घालतानाही दहादा विचार कर. ते प्लगिन एक दिवस बंद पडतं किंवा त्याचे पैसे मागू लागतात. मग त्यातले ब्लॉक उघडले की एडिटर सांगतो, या ब्लॉकची सोय तुमच्या साइटवर नाही. काही मजकूर वाचता येतो, काही दिसेनासा होतो. मूळ वर्डप्रेसमध्ये आहेत ते ब्लॉक एका वाचनालयाला पुरेसे आहेत, अगदी नियमांची प्रश्नोत्तरं उघडझाप करून दाखवायला डीटेल्स नावाचा ब्लॉकसुद्धा आता त्यातच आहे.

मोठं पान झालं की लिस्ट व्ह्यू उघडून काम कर. डाव्या बाजूला सगळ्या ब्लॉकची उतरंड दिसते. ग्रुपच्या आत कॉलम्स, कॉलम्सच्या आत फोटो असं असलं की नेमका हवा तो ब्लॉक पानावर क्लिक करून पकडता येत नाही, इथे पकडता येतो. ग्रुपना नाव देता येतं. ‘मुखपृष्ठ, नवी पुस्तकं’ असं मराठीत दे, तुझ्यानंतर येणाऱ्याला कळेल. जे हलवायचं नाही त्याला लॉक कर. कुलूप चोरासाठी नसतं, घाईत असलेल्या आपल्याच माणसासाठी असतं.

कधी एखाद्या ब्लॉकवर असा संदेश येईल की त्यातला मजकूर अनपेक्षित किंवा अवैध आहे. घाबरू नको. बहुतेक वेळा कोणीतरी एचटीएमएलमध्ये हात घातलेला असतो. सावरण्याचं बटण तिथेच असतं. ते दाबण्याआधी आतला मजकूर दुसरीकडे उतरवून ठेव. आणि रिव्हिजन्स विसरू नको. प्रत्येक वेळी जतन केलं की आधीची आवृत्ती मागे राहते, तिच्यावर परत जाता येतं. त्यामुळे बदल करायला भिऊ नको. पान उघडताना दुसरं कोणी तेच पान संपादित करत आहे असा संदेश आला तर ताबा घेण्याचं बटण लगेच दाबू नको. ग्रंथपालांना फोन कर. त्या अर्धा परिच्छेद लिहून पुस्तक द्यायला उठलेल्या असतात.

आपलं वाचनालय तालुका ‘ब’ वर्गातलं आहे, मोठं नाही. पण डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाच्या वेळेची राखण करायला सांगतो, आणि तो मोठ्या-छोट्या सगळ्या ग्रंथालयांना लागू आहे. दर १२ ऑगस्टला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. वेबसाइटवर तो नियम पाळायचा तर पानाच्या पहिल्या दोन ब्लॉकांत वाचकाला हवं ते मिळालं पाहिजे: आज उघडं आहे का, किती वाजेपर्यंत, सभासद व्हायला काय लागतं. संस्थेचा इतिहास आणि अध्यक्षांचं मनोगत खाली. त्यावरून कोणी बोललंच तर माझं नाव सांग.

आता पहिलं काम सभासदत्वाच्या पानाचं घे. त्यावर जुन्या वर्गणीचा आकडा अजून एका परिच्छेदात हाताने लिहिलेला आहे. तो काढ, तिथे ‘वेळ आणि वर्गणी’चा पॅटर्न बसव, पत्ता तोच ठेव. मग ते पान तुझ्या आईच्या फोनवर उघड आणि वर्गणी किती ते तिला शोधायला सांग. तिला ती सहज सापडली तरच ते काम झालं असं समज.